शेहेचाळीस मिलिमीटर

आमच्या संस्थेत माणसांना नावं असतात, पण ती रजिस्टरात. तोंडी मात्र ज्याच्या छातीत जे असेल त्यावरून हाक मारायची रीत आहे. मी घड्याळबाई. सतरा वर्षांपूर्वी माझ्या हृदयात धातूची झडप बसवली, ती शांत खोलीत टिकटिक करते. फोनवरची माणसं बोलता बोलता थांबून विचारतात, "तुमच्याकडे भिंतीवर मोठं घड्याळ आहे का हो?" मी हो म्हणते. खरं सांगत बसले तर त्यांचा प्रश्न बाजूला राहतो आणि माझंच पुराण सुरू होतं. आमच्या अध्यक्षांच्या छातीत डुकराच्या ऊतीपासून केलेली झडप आहे. त्यांना आम्ही काय म्हणतो ते त्यांच्यासमोर कुणी बोलत नाही.

आणि माझ्या समोरच्या टेबलावर बसायचे ते शेहेचाळीस.

शेहेचाळीस हे त्यांचं वय नव्हे. वय एकोणपन्नास. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, ती त्यांची फुगून शेहेचाळीस मिलिमीटर रुंद झाली आहे. तुमची-आमची तिशीच्या आसपास असते. पन्नास-पंचावन्नच्या घरात गेली की छाती उघडून तेवढा भाग बदलतात. त्याच्या आत ऑपरेशनचा धोका मोठा, त्याच्या पुढे न करण्याचा. मधल्या काळात काय करायचं? वाट बघायची. वर्षातून एकदा मोजून घ्यायचं आणि घरी जाऊन बसायचं. जड उचलायचं नाही, दम कोंडून जोर लावायचा नाही, संतापायचं नाही. कारण ती फाटली तर दवाखाना गाठेपर्यंत माणूस हाती लागेलच असं नाही.

आता हा नियम कारकुनाला लावा, शिक्षकाला लावा, त्यांचं फारसं बिघडत नाही. शेहेचाळीस सामान हलवण्याच्या धंद्यात होते. कपाटं, फ्रीज, लोखंडी पलंग, एकदा तर चौथ्या मजल्यावर पियानो. लिफ्ट बंद होती हे ते सांगायला विसरायचे नाहीत. खांदे असे की आमच्या दारातून येताना जरा तिरके होऊन यायचे. हा माणूस एका सकाळी तपासणीला गेला आणि दुपारी बाहेर आला तेव्हा त्याला पाण्याची बादलीही बंद झाली होती. तेव्हा आकडा चव्वेचाळीस होता. बाजारातून परतताना बायकोच्या दोन्ही हातांत पिशव्या आणि हे मागून मोकळ्या हातांनी, असं सहा वर्षं चाललं होतं. रस्त्यावरच्या अनोळखी बायका त्यांना तोंडावर ऐकवायच्या. ते ऐकून घ्यायचे. उलट बोलायला गेलं तर रक्तदाब वाढणार.

म्हणून तीन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे यायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दोन टेबलं, एक फोन, पत्रकांचं कपाट आणि एक खिडकी, जी रंगवताना रंगाऱ्यांनी चौकटीला चिकटवून टाकली ती आजतागायत उघडलेली नाही. ज्यांना आपल्या हृदयाचा आजार नुकताच कळलाय अशी माणसं आम्हाला फोन करतात. डॉक्टरांनी सात मिनिटांत जे सांगितलं ते आम्ही चाळीस मिनिटांत पुन्हा सांगतो, बस. औषध सुचवायचं नाही, डॉक्टरांच्या चुका काढायच्या नाहीत. भिंतीवर अध्यक्षांनी स्वतःच्या अक्षरात तीन नियम लावलेत: खोटं बोलायचं नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. इथलं बोलणं इथेच ठेवायचं.

फोनवर शेहेचाळीस म्हणजे वेगळाच माणूस. मी चटकन तापते, तीन वेळा तोच प्रश्न आला की माझा आवाज चढतो. ते कधी नाही. एकदा एक आजोबा झडप या शब्दावरच अडून बसले. "झडप घारीची असते, माझ्या छातीत कुठून आली?" मी असते तर फोन ठेवला असता. शेहेचाळीसनी पंधरा मिनिटं त्यांना दाराची, पाण्याच्या पंपाची, पेटीच्या भात्याची झडप समजावली. शेवटी आजोबा म्हणाले, "मग असं सांगा ना, ती घालायची झडप नाही, लावायची आहे." शेहेचाळीस म्हणाले, "अगदी बरोबर बोललात."

संभाषणाचा शेवट मात्र ठरलेला. काही झडपांचा दोष जन्मतः असतो. तीन पाकळ्यांऐवजी दोनच. तो घराण्यात चालतो, आणि त्याच्याबरोबर महाधमनी फुगण्याची खोडही. म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो: तुमच्या सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करून घ्या, छातीची सोनोग्राफी, त्याला इको म्हणतात, दुखत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. हे वाक्य शेहेचाळीसइतकं मऊ कुणी बोलत नसे. आणि मग विचारायचे, "आपल्याला आणखी काही विचारायचं आहे का?"

मी गृहीत धरलं होतं की या माणसाला मूलबाळ नाही. त्यांच्या नोंदणीच्या अर्जात "मुले" या रकान्यापुढे त्यांच्याच अक्षरात "नाहीत" लिहिलेलं होतं. घरचं कधी बोलायचे नाहीत. मीही खोदून विचारलं नाही. आमच्यात मूल नसण्यामागे कधी कधी हाच आजार असतो.

मग एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला जिन्यावर धाड धाड पावलं वाजली आणि दारात एक मुलगी उभी राहिली. बावीसेक वर्षांची, केस बारीक कापलेले, घामाने निथळलेली, पाठीवर अशी पिशवी की खाली ठेवली तेव्हा फरशी दणाणली. पिशवीत वाळू होती.

"बाबा, गोळी विसरलास तू," ती म्हणाली. "आई म्हणाली, जातेच आहेस पळायला तर देऊन ये. तीस किलो घेऊन दोन मजले, एकतीस सेकंद. घड्याळ धरायला तू नव्हतास म्हणून वेळ मीच मोजली."

शेहेचाळीसांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी गोळी घेतली, पाणी न घेता गिळली.

मुलगी बोलकी होती. दोन मिनिटांत मला सगळं कळलं. अग्निशमन दलात भरती व्हायचंय. मैदानी परीक्षा पुढच्या महिन्याच्या चार तारखेला. साठ किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन तीन मजले उतरायचे, मग पाण्याने भरलेला होज, म्हणजे आग विझवायचा जाड पाइप, ओढायचा. दोन वर्षं तयारी चाललीय. "बाबाने शिकवलं सगळं. वजन कसं अंगावर घ्यायचं, गुडघ्यात कसं बसायचं. स्वतः उचलत नाही, पण बाजूला उभा राहून ओरडतो."

"ओरडत नाही," शेहेचाळीस म्हणाले.

"बरं, पुटपुटतो." तिने पिशवी पुन्हा पाठीवर चढवली, दम कोंडून, दात आवळून, आणि गेली. पावलं खाली पोचली. माझी झडप तेवढी वाजत होती.

"अर्जात मुलं नाहीत तुम्हाला," मी म्हणाले.

ते पेन्सिलीला टोक करायला लागले. पेन्सिलीला चांगलं टोक होतं.

"तिची तपासणी झालीय?"

"नाही."

"तिला माहीत आहे का, की हे घराण्यात चालतं?"

"मी सांगितलंय की सिगारेटमुळे झालं."

"तुम्ही सिगारेट ओढत होतात?"

"नाही. धंद्यातले सगळे ओढायचे, त्यामुळे तिला खरं वाटलं."

मला इतका राग आला की मी उठून त्या न उघडणाऱ्या खिडकीशी गेले. तीन वर्षं हा माणूस समोर बसून शेकडो अनोळखी लोकांना मुलांची तपासणी करा म्हणत होता. मी त्याचं कौतुक करत होते. माझ्या तोंडून नको नको ते गेलं. ढोंगी म्हणाले, भेकड म्हणाले, पोरीच्या जिवावर उठलात म्हणाले. शेहेचाळीस मान खाली घालून ऐकत राहिले, रस्त्यावरच्या बायकांचं ऐकायचे तसे.

माझा दम संपल्यावर ते बोलले. थोरला भाऊ त्यांच्याच धंद्यात होता. एक्केचाळिसाव्या वर्षी एका जिन्याच्या वळणावर कपाट खांद्यावर असताना कोसळला. कागदावर हृदयविकाराचा झटका लिहिलं. पुढे यांचं स्वतःचं निघालं, दोन पाकळ्यांची झडप आणि फुगलेली महाधमनी, आणि डॉक्टरांनी भावाबद्दल विचारलं, तेव्हा लख्ख उजेड पडला. म्हणजे सहा वर्षांपूर्वीच सगळं कळलेलं होतं. मुलगी तेव्हा सोळाची होती.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"ताई, आकडा कळला त्या दिवशी माझं काय झालं ते मला माहीत आहे. सकाळपर्यंत मला काही होत नव्हतं. दुपारनंतर खोकायची भीती. सहा वर्षं घरात कुणी मला दार ओढू देत नाही, जोरात हसू देत नाही. बायको झोपेत माझ्या नाकापुढे हात धरते. मी मेलो नाही, पण मला ठेवून दिलंय. सोळा वर्षांच्या पोरीला मी हे देऊ? तिला नसेलही. दहातल्या एखाद्यालाच असतं, आपणच सांगतो की फोनवर."

"आणि असेल तर?"

"म्हणून तर मी रोज जातो तिच्याबरोबर मैदानावर. घड्याळ घेऊन उभा राहतो. ती पोतं उचलते तेव्हा मी आकडे मोजतो. ती खाली ठेवेपर्यंत मला श्वास घेता येत नाही." मग म्हणाले, "सांगितलं तर ती कोंडली जाणार. नाही सांगितलं तर मी कोंडलेला आहे. माझी सवय झालीय."

मला त्यांची कीव आली, पण राग गेला नाही. मी म्हणाले की मी सांगते तिला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिसरा नियम. इथलं बोलणं इथेच. मी स्वतः तो नियम नव्या माणसांना वाचून दाखवते. म्हणजे मीही अडकले. मुलीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता आणि तिच्याशी बोलायची मला सोय नव्हती. अध्यक्षांना नाव न घेता विचारलं, असं असं असेल तर काय करायचं. ते म्हणाले, "ज्याचं आहे त्यालाच बोलतं करायचं. दुसरा रस्ता नाही." त्यांच्या छातीत काय आहे त्याचा उल्लेख मी त्या दिवशी मनातल्या मनात दहादा केला.

मग मी शेहेचाळीसांच्या मागेच लागले. रोज सकाळी ते आले की एकच शब्द: "सांगितलं?" ते मान हलवायचे. प्रयत्न करत नव्हते असं नाही. एकदा जेवताना सुरुवात केली, "तुला एक सांगायचं होतं." ती म्हणाली, "बोल की." यांनी मीठ मागितलं. एकदा मैदानावर, तर तिने त्याच दिवशी आधीची वेळ चार सेकंदांनी मोडली आणि यांच्या गळ्यात पडली. एकदा चिठ्ठी लिहिली आणि स्वतःच्याच खिशात ठेवून शर्टाबरोबर धुवायला टाकली. बायकोला सांगून तिच्याकरवी कळवा म्हटलं, तर म्हणाले, तिलाही सिगारेटच सांगितलीय. धन्य आहे. लग्नाची बायको, तिने या माणसाच्या ओठांत एकदा सिगारेट पाहिली नाही आणि तरी मानलं.

परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा मी विचारायचं सोडलं. टेबलावर नुसतं "८" लिहून कागद त्यांच्याकडे सरकवला. दुसऱ्या दिवशी "७".

त्याच दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला, ते म्हणाले, "ताई, तुम्ही करा ना फोन. संस्थेतून. कुणी अनोळखी बोलल्यासारखा."

"फोन तुमच्या टेबलावर आहे," मी म्हणाले. "आणि अनोळखी माणसाशी तुमच्याइतकं चांगलं कुणी बोलत नाही."

टोमणाच होता तो. पण मग त्यांनी रिसीव्हर उचलला. आमच्या फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो, आमच्याकडची माणसं हळू बोलतात म्हणून. पलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं.

"नमस्कार," शेहेचाळीस म्हणाले. "मी झडप आणि महाधमनी रुग्ण सहाय्य संस्थेतून बोलतोय. आपल्याशी थोडा वेळ बोलता येईल का?"

पलीकडे हसू फुटलं. "काय रे बाबा, काय नाटक आहे?"

ते थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा मीठच मागितलं असतं. "आपल्या घरात एका व्यक्तीला जन्मतः दोन पाकळ्यांची झडप आहे. त्यामुळे त्यांची महाधमनी फुगलेली आहे. हा दोष घराण्यात चालतो. आपल्या काकांचा मृत्यूही बहुधा त्यानेच झाला. म्हणून सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करून घ्यावी असं आम्ही सांगतो. तिला इको म्हणतात. दुखत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. ती होईपर्यंत आपण जड वजन उचलू नये, अशी आमची विनंती आहे."

आवाज तोच, मऊ, एकही शब्द न अडखळता. फक्त डाव्या हाताने त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. जोर लावू नका, असं मी खुणेने सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पलीकडे मागे कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, म्हणजे ती मैदानावर होती.

"आपल्याला आणखी काही विचारायचं आहे का?"

"हो," मुलगी म्हणाली. आवाज पार बदललेला. "त्या व्यक्तीला हे केव्हापासून माहीत आहे?"

शेहेचाळीसांना एक वाट होती. ते मला माहीत नाही, असं म्हणायची परवानगी आम्हीच दिलेली आहे, दुसरा नियम. त्यांचे ओठ हललेही. मग ते म्हणाले, "सहा वर्षांपासून."

"सहा वर्षं."

"हो."

"मी साठ किलो पहिल्यांदा उचललं तेव्हा शेजारी कोण उभं होतं, ते आहे का तुमच्या नोंदीत?"

"आहे," ते म्हणाले.

"ठीक आहे. आभारी आहे तुमची." आणि फोन बंद झाला.

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, नीट, आवाज न करता. मग वहीत तारीख आणि वेळ लिहिली. "विषय" या रकान्यात "मुलांची तपासणी" लिहिलं. "पुढे काय ठरले" हा रकाना रिकामा ठेवून ते घरी गेले. मला वाटलं होतं की मला सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. मी ऑफिसात एकटीच रडले.

मुलीने तिसऱ्याच दिवशी आईला घेऊन जाऊन तपासणी करून घेतली. यांना बरोबर नेलं नाही. दोन पाकळ्या निघाल्या. महाधमनी एक्केचाळीस. त्या वयात, त्या अंगकाठीला एक्केचाळीस म्हणजे साठ किलोचा पुतळा नाही, होज नाही, अग्निशमन दल नाही. दरवर्षी मोजायचं आणि घरी जायचं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. चार तारखेला परीक्षा झाली तेव्हा ती घरी होती.

महिन्याभराने ती आमच्याकडे नोंदणीला आली. नात्यातल्या माणसाचा अर्ज नात्यातल्याने भरायचा नाही, म्हणून माझ्या टेबलाशी बसली. केस वाढले होते. विचारलं तेवढ्याचं उत्तर देत होती. समोरच्या टेबलावर तिचे वडील एका बाईला फोनवर झडप समजावून सांगत होते. तिने तिकडे एकदाही मान वळवली नाही, पण ऐकत होती, हे मला दिसत होतं. फोनवरच्या बाईने त्यांना काय विचारलं कोण जाणे. ते म्हणाले, "नाही हो, राग जात नाही लगेच. जायलाच पाहिजे असंही नाही."

काम संपेपर्यंत पाच वाजले. आईने दोघांनी बरोबर यावं असं बजावलं होतं, म्हणून ती थांबली. मधल्या वेळात छापखान्याचा माणूस नव्या पत्रकांचा गठ्ठा नेमका दाराच्या उंबऱ्यात ठेवून गेला होता, सुतळीने बांधलेला, पंचवीसेक किलोचा. दार त्या गठ्ठ्याने अडून गेलं. ती पुढे होती. सवयीने गुडघ्यांत बसली, पाठ सरळ, दोन्ही हात सुतळीखाली, बापाने शिकवलं होतं अगदी तसं.

"राहू दे," शेहेचाळीस मागून म्हणाले आणि स्वतः वाकायला गेले.

"तुम्हीही राहू द्या," ती म्हणाली.

जन्मापासून ज्याला अरे बाबा म्हटलं त्याला तुम्ही. फोन झाल्यापासून घरीही तसंच म्हणते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या घटकेला त्यांचे हात गठ्ठ्यापर्यंत पोचलेच नाहीत. ती उठून उभी राहिली, तेही उभे राहिले. दोन धडधाकट, रुंद खांद्यांची माणसं त्या कागदांच्या गठ्ठ्यापुढे हात लोंबकळत सोडून उभी होती आणि दोघांनाही बाहेर पडता येत नव्हतं.

मग मीच उठले. एकसष्ट वर्षांची मी, छातीत घड्याळ वाजतंय. वाकून गठ्ठा ओढत ओढत आत घेतला.